जनावरांना रक्त चढवायला शिकले, त्याची हकीकत

जुलै २०२२. कराडजवळच्या एका मळ्यावरून राखणीचा कुत्रा माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणला होता. अंगभर गोचीड, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) १२. गोचीडतापाची औषधं चालू केली आणि ओळखीच्या एका कुटुंबाच्या लॅब्राडोरचं रक्त काढून त्याला चढवलं. रक्तगट पाहिला नाही, क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची चाचणी, केलं नाही. काही त्रास झाला नाही, दुसऱ्या दिवशी कुत्रा भाकरी खायला लागला. नऊ दिवसांनी पीसीव्ही पुन्हा घसरला, म्हणून पुन्हा त्याच लॅब्राडोरचं रक्त दिलं. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, अंग थरथरायला लागलं, लघवी काळ्या चहासारखी झाली. पहाटे तो गेला.

मालक वयस्कर होते. त्यांना मी म्हटलं, "काका, आजार फार वाढला होता." मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. गोचीडतापात लघवी गडद होतेच, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका ऑनलाइन व्याख्यानात ऐकलं, की कुत्र्याच्या रक्तात दुसऱ्या रक्तगटाविरुद्ध अँटीबॉडी सहसा आधीपासून नसतात, म्हणून पहिल्या वेळी कुणाचंही रक्त निभावून जातं. पण ते रक्त न जुळणारं असेल तर चार-पाच दिवसांनंतर अँटीबॉडी तयार होऊ लागतात, आणि दुसऱ्या वेळी त्याच प्रकारचं रक्त दिलं तर दिलेल्या तांबड्या पेशी शिरेतच फुटतात. व्याख्यान संपल्यावर मी केसपेपर काढून तारखा मोजल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे शिकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न होता. पदवीच्या काळात रक्तसंक्रमण हा विषय आमच्याकडे एका तासात उरकला होता. चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात आणि लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठात जनावरांची रक्तपेढी आहे हे वाचून माहीत होतं. विचारपूस करता करता दक्षिणेतल्या एका सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची माहिती मिळाली. जागा २०, अर्जाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला. निवांत वेळ आहे असं वाटलं होतं, पण तसा तो नव्हता.

कागद पाच मागितले होते: पदवी प्रमाणपत्र, पशुवैद्यक परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, आधार, रेबीजची लस घेतल्याचा दाखला आणि हे प्रशिक्षण का हवंय याचं एक पान. माझी नोंदणी माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं. अर्ज परत आला. शिवाय नोंदणीचं दर पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण माझ्याकडून दोन महिने लांबलं होतं. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जुनं मूळ प्रमाणपत्र असं सगळं जोडून नावबदल आणि नूतनीकरण एकदमच टाकलं. नवं प्रमाणपत्र हातात यायला सात आठवडे लागले. मधल्या काळात प्रशिक्षणवाल्यांना फोन केला, तर त्यांनी सांगितलं की नूतनीकरणाच्या अर्जाची पोचपावती जोडली तरी चालेल, मूळ प्रमाणपत्र हजर होताना दाखवा. म्हणून सांगते, कागद अडला की आधी फोन करा. आणि रेबीजच्या लसीचा दाखला आजच शोधून ठेवा, कारण डोस राहिला असेल तर त्यातच तीन-चार आठवडे जातात.

जानेवारीत प्रतीक्षा यादीत माझा चौथा नंबर लागला. रोज ईमेल बघत होते. १ फेब्रुवारीला निरोप आला: १० ते १४ फेब्रुवारी २०२५, तीन दिवसांत फी भरा. फी ८,००० रुपये, वसतिगृहाचे रोजचे ३५० प्रमाणे सहा रात्रींचे २,१००, बसचे जाऊन-येऊन ३,६००, जेवणाचे दीड हजार. एकूण १५,२०० झाले. दवाखाना आठवडाभर माझ्या मित्राने सांभाळला. कोल्हापूर नाक्यावरून रात्रीच्या बेंगळुरूच्या बसमध्ये बसले तेव्हा पिशवीत स्टेथोस्कोप, दोन ॲप्रन, रबरी चपला आणि तो २०२२ चा केसपेपर होता.

पहिला दिवस वर्गातच गेला. कुत्र्यांमध्ये रक्तगट बरेच आहेत, पण व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा डीईए १. तो असतो किंवा नसतो, आणि ज्याच्यात नसतो त्याला तो असलेलं रक्त गेलं की पुढच्या वेळचा धोका तयार होतो. दुपारनंतर मांजरांचा विषय निघाला. त्यांच्यात ए, बी आणि एबी असे गट. मांजरांच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्ध अँटीबॉडी आधीपासूनच असतात, त्यामुळे पहिल्या वेळची सवलत त्यांना नाही. बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही जिवावर बेतू शकतं. मी आजवर मांजराला रक्त दिलेलं नव्हतं. त्या दुपारी त्याचं फार हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रक्त काढायला शिकलो. आमच्या गटाला मिळालेला डोनर ३२ किलोचा जर्मन शेफर्ड होता. डोनर कसा हवा याचे निकष सोपे आहेत: वय एक ते आठ, वजन २५ किलोच्या वर, लसी आणि जंताचं औषध वेळेवर, आधी कधी रक्त चढवलेलं नको, पीसीव्ही ४० च्या वर. आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्लिकिया, बबेसिया, अनाप्लाझ्मा, हेपॅटोझून यांची तपासणी. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही हे जंतू दडून राहतात, आणि आपण बॅगेतून ते आजारी कुत्र्याच्या अंगात सोडतो.

त्या शेफर्डला भूल दिली नाही. त्याचा सांभाळणारा त्याच्या तोंडाजवळ बसून उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा भरवत होता. मानेचे केस कापले, क्लोरहेक्सिडीनने तीनदा पुसलं, सुन्न करणारं मलम लावून वाट पाहिली. बॅग टेबलाच्या खाली, स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर. सुई १६ नंबरची, म्हणजे नवख्याला भीती वाटावी इतकी जाड. मी शिरेवर अंगठा दाबला, शीर फुगली, सुई आत गेली आणि नळीतून गडद लाल रेघ सरसर खाली उतरली. कुत्र्याने एकदा कान हलवला आणि पुढचा तुकडा मागितला. मी रडेन असं मला वाटलं नव्हतं, पण डोळे भरले.

तिथे शिकलेल्या तीन गोष्टी लगेच वहीत लिहिल्या. बॅग सतत हलक्या हाताने झुलवायची, नाहीतर खालच्या थरात गुठळ्या होतात. एक मिली रक्ताचं वजन १ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त, साधारण १.०५ ग्रॅम, म्हणून ३५० मिलीसाठी काटा रिकाम्या बॅगेपेक्षा ३६८ ग्रॅमनी वाढला की थांबायचं. आणि ३५० च्या बॅगेत ४९ मिली सीपीडीए-१ द्रावण, म्हणजे रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण, आधीच असतं. रक्त अर्धंच काढलं तर सायट्रेटचं प्रमाण दुप्पट होतं, म्हणून लहान डोनरसाठी ही बॅग तशीच वापरायची नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटं घड्याळ लावून शीर दाबून धरायची, आणि त्या दिवशी गळ्यात पट्टा घालायचा नाही.

तिसरा दिवस क्रॉसमॅचचा. पाच दिवसांतला हाच दिवस माझ्यासाठी खरा. रोग्याचं आणि डोनरचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्यायचं, सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवायचं, वरचा पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा वेगळा काढायचा. खाली राहिलेल्या तांबड्या पेशी सलाईनने तीनदा धुवायच्या. त्यातल्या ०.२ मिली पेशी ४.८ मिली सलाईनमध्ये मिसळायच्या. मग मुख्य नळीत रोग्याचा प्लाझ्मा दोन थेंब आणि डोनरच्या पेशी दोन थेंब. शेजारी कंट्रोल म्हणून रोग्याचाच प्लाझ्मा आणि रोग्याच्याच पेशी. ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग थोडा वेळ फिरवून नळी उजेडासमोर धरायची. वरचं पाणी गुलाबी झालं असेल तर पेशी फुटल्या. पाणी स्वच्छ असेल तर नळीला बोटाने अलगद टिचकी मारायची. तळाची गोळी धुरासारखी विरघळत वर आली तर जुळलं. तुकड्या-तुकड्यांनी उठली तर नाही जुळलं.

पहिल्या खेपेला माझ्या सगळ्याच नळ्या गुलाबी झाल्या, कंट्रोलसुद्धा. शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, पेशी धुताना नळी कशी हलवली. मी जोरात हलवली होती. कंट्रोल बिघडला की पूर्ण चाचणी टाकून द्यायची, निकालाचा अर्थ लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसऱ्या खेपेला नळी तळहातावर लोळवून मिसळली. तिसऱ्या खेपेला मुद्दाम न जुळणारी जोडी दिली होती. काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर पेशी द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. त्याआधी पाहिलेल्या एका पट्टीवर त्या नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या होत्या, आणि सलाईनचा एक थेंब टाकल्यावर चळती सुटल्या होत्या. हे घड मात्र सलाईन टाकूनही सुटले नाहीत.

मी बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत बसले. २०२२ च्या त्या रात्री मी ही काच पाहिली असती तर बॅग लावलीच नसती. संध्याकाळी बाईंना केसपेपर दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि सांगितलं, की आजाराचा वाटा नव्हताच असं कुणी म्हणू शकणार नाही, पण दिवस आणि लक्षणं रक्त न जुळल्याचीच आहेत. मग त्यांनी एक गोष्ट नीट समजावली, ती इथे लिहिते कारण खूप जण यात घोटाळा करतात. पहिल्याच वेळी रक्त देताना क्रॉसमॅच जुळलं, याचा अर्थ रक्तगट सारखा आहे असा होत नाही. आज अँटीबॉडी नाहीत एवढंच त्यातून कळतं. पुढे त्या तयार होऊ नयेत म्हणून डीईए १ ची चाचणी वेगळी करावी लागते. आणि आधी रक्त चढवून चार दिवस उलटले असतील, तर डोनर तोच असला तरी क्रॉसमॅच पुन्हा करायचं.

चौथ्या दिवशी रक्ताचे घटक वेगळे करायला शिकवलं. थंड ठेवणारं मोठं सेंट्रीफ्यूज, आठ तासांच्या आत गोठवायचा प्लाझ्मा. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याला ते परवडणारं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण याच दिवशी माझा एक बेत मोडला. मी छोटी रक्तपेढी काढायची ठरवून गेले होते. हिशेब मांडला: बॅग २ ते ६ अंशांत साधारण महिनाभर टिकते, मला महिन्याला दोन-तीन लागणार, त्या कोणत्या गटाच्या ते आधी माहीत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज चार-चार तास जाते. डोनर कुत्र्याने दिलेलं रक्त फ्रीजमध्ये खराब होणं मला सहन झालं नसतं. त्यापेक्षा तपासलेल्या, गट माहीत असलेल्या कुत्र्यांची यादी हाताशी ठेवायची आणि गरज पडली की बोलवायचं, असं तिथेच ठरवलं.

पाचव्या दिवशी वॉर्डात चालू असलेल्या रक्तसंक्रमणावर लक्ष ठेवणं आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. प्रमाणपत्र सहा आठवड्यांनी टपालाने आलं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्या मळ्यावर गेले. काका गोठ्यात होते. तेव्हा नेमकं काय झालं आणि मी काय तपासायला हवं होतं, ते सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "आन् ज्याचं रगत दोनदा काढलं, त्ये कुत्रं कसंय?" हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. नऊ दिवसांत एकाच डोनरचं दोनदा रक्त काढणं हीसुद्धा चूक होती. किमान आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, मी तर आता तीन महिने धरते. लॅब्राडोर बरा आहे, म्हातारा झालाय, असं सांगितलं. काकांनी मान हलवली आणि मला चहाला थांबवून घेतलं.

मग डोनरची वही सुरू केली. मार्च ते मे या काळात ३१ मालकांना विचारलं. बहुतेकांचा पहिला प्रश्न, "मॅडम, आमचा अशक्त नाही ना होणार?" मी त्यांना हिशेब सांगायचे: कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८५ मिली रक्त असतं, २८ किलोच्या कुत्र्यात २,३०० मिलीच्या वर, त्यातलं आपण ३५० घेणार. १९ जण कुत्रे घेऊन आले, ११ कुत्रे निकषांत बसले. तिघांच्या रक्तात अर्लिकिया निघाला, घरी कुणाला पत्ताही नव्हता. त्यांच्यावर उपचार झाले, त्या मालकांना यादीत येता आलं नाही याचं वाईट वाटलं. वहीत प्रत्येकाला एक पान: गट, वजन, पीसीव्ही, तपासणीची तारीख, रात्री फोन केला तर चालेल का, आणि कुत्रा आणायला गाडी आहे का. शेवटचे दोन रकाने मी स्वतः वाढवले आणि तेच सर्वांत उपयोगी पडले. संमतीपत्र मराठीत केलं, एका पानाचं. डीईए १ ची चाचणी मला एका कुत्र्यामागे दीड ते दोन हजारांत पडली, या खर्चातला सगळ्यात जड भाग तोच.

६ जून २०२५, संध्याकाळी सात. १८ किलोचा गावठी कुत्रा, पीसीव्ही ११, उभं राहवत नव्हतं. आधी काचपट्टीवर त्याच्या रक्तात सलाईन टाकून पाहिलं, पेशी आपोआप एकमेकींना चिकटत नव्हत्या. डीईए १ नसलेला निघाला. वहीत असे चार. पहिले मालक पुण्याला गेलेले, दुसऱ्यांनी फोन उचलला आणि पाऊण तासात टेम्पोतून कुत्रा घेऊन आले.

किती रक्त द्यायचं याचं गणित असं: वजन गुणिले ९०, गुणिले पीसीव्ही जितका वाढवायचा तो आकडा, भागिले डोनरचा पीसीव्ही. मला ११ वरून २० वर न्यायचं होतं, डोनरचा ४५. उत्तर ३२४ मिली, म्हणजे एक बॅग.

बॅग भरून तयार होती आणि क्रॉसमॅच चालू होतं. मालक सारखे आत येत होते. "मॅडम, रक्त मिळालंय तर लावा ना लगेच." त्यांचा कुत्रा समोर धापा टाकत होता, त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांना बोलावून शेजारी बसवलं आणि दोन्ही नळ्या दाखवल्या. टिचकी मारली. गोळी धुरासारखी वर आली.

गाळणीचा रक्ताचाच सेट वापरला. सोबत रिंगर लॅक्टेट अजिबात नाही, त्यातल्या कॅल्शियमने रक्त गोठतं. लागलीच तर साधी सलाईन. पहिला अर्धा तास मिनिटाला ६ थेंब. तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग आधी दर पाच मिनिटांनी, मग दर पंधरा. पाऊण तासाने ताप १०१.६ वरून १०२.८ झाला. थेंब कमी केले, वीस मिनिटं थांबले, चढला नाही, मग वेग वाढवला. लावल्यापासून चार तासांच्या आत बॅग संपायला हवी, ती साडेतीन तासांत संपली. साडेबारा वाजता त्याने शेपटी हलवली. सकाळी पीसीव्ही १९. डोनरच्या घरी फोन केला, तो जेवून झोपला होता.

गाईंबद्दलही प्रशिक्षणात एक तास होता आणि तो आमच्या भागात फार कामाचा. थायलेरियाने (गोचिडांतून होणाऱ्या रक्ताच्या आजाराने) पांढरं पडलेल्या संकरित वासराला रक्त द्यायची वेळ मला ऑगस्टमध्ये आली. वासरू ६० किलोचं. डोनर त्याच गोठ्यातली, गाभण नसलेली गाय. ३.८ टक्के सोडियम सायट्रेट, एका भागाला नऊ भाग रक्त, असं ७०० मिली दिलं. गाईगुरांमध्येही पहिली वेळ सहसा निभावते, पण पहिली मिनिटं हळूच द्यायचं आणि वासरापासून हलायचं नाही.

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २०२५ मध्ये जनावरांच्या रक्तसंक्रमणासाठी आणि रक्तपेढ्यांसाठी कार्यपद्धतीचा मसुदा काढला. सहकाऱ्यांनी तो जरूर वाचावा, डोनरची निवड आणि नोंदी यासाठी विशेषतः. माझ्या वहीत आता १४ कुत्रे आहेत. मांजरांच्या पानावर दोनच नावं आहेत आणि दोन्ही ए गटाची. या महिन्यात येणाऱ्या प्रत्येक धडधाकट, चार किलोच्या वरच्या मांजराच्या मालकांना मी विचारते आहे.